एकशे सतरा नंबरची पाठ

बेसबॉलचा रसिक एखादे मैदान का पसंत करतो, याविषयी आमच्या वर्तमानपत्रांनी आजवर पुष्कळ शाई खर्च केली आहे. कुणाला म्हणे खुर्ची मऊ लागते, कुणाला बिअर गार लागते, कुणाला दिव्यांची आतषबाजी लागते. शिओमी शहरातले गिलाव्याचे कारागीर वाकासुगी योशिहारु यांना यांपैकी काहीच लागत नसे. फेब्रुवारीत ‘करकोचे’ संघाचे वर्षभराचे वेळापत्रक छापून आले, की ते चष्मा पुसून, लाल पेन्सिल घेऊन बसत आणि ज्या मैदानांत बुलपेन उघड्यावर आहे तेवढ्याच सामन्यांवर खूण करीत. खेळात उतरण्याआधी पिचर जिथे चेंडू फेकून खांदा मोकळा करून घेतात, ती ही जागा. जुन्या मैदानांत ती रेषेच्या कडेला, प्रेक्षकांच्या पायाशी असे. मध्ये काय ती एक जाळी. नव्या मैदानांत ती बाकांच्या खाली, तळघरात नेऊन पुरली आहे. प्रेक्षकाने पैसे मोजून कौतुक करायचे ते वर उजेडात ठेवायचे आणि राबणारे हात जमिनीखाली ढकलायचे, ही नव्या बांधकामाची रीत झाली आहे. तिला प्रगती म्हणतात.

बुलपेनमध्ये पिचरसमोर उकिडवा बसून चेंडू झेलणारा एक माणूस असतो. तो संघाचा नोकर, खेळाडू नव्हे. ध्वनिक्षेपकावर त्याचे नाव पुकारले जात नाही, धावफलकावर येत नाही, आणि तो मेला तरी सामन्यात उतरत नाही. त्याच्या पाठीवर तीन आकडी नंबर असतो, तेवढीच त्याची ओळख. करकोच्यांच्या सराव-कॅचराचा नंबर एकशे सतरा. तो तोमोया, वाकासुगींचा एकुलता एक मुलगा. आणि बाप-लेक बारा वर्षे एकमेकांशी बोलले नव्हते.

बोलणे तुटले ते एका सणाच्या दुपारी. तोमोया तेव्हा तेवीस वर्षांचा होता. अठराव्या वर्षी करकोच्यांनी त्याला सर्वांत खालच्या पायरीवर उमेदवार म्हणून घेतले होते आणि पाच वर्षांत एकदाही वरच्या संघात न खेळवता त्या शरदात मोकळे केले होते. देवळाची पालखी वाहून आलेली मंडळी गल्लीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली बिअर घेत बसली होती. शेजारच्या तांदूळवाल्याने सहज विचारले, “काय रे तोमोया, आता पुढं काय?”

“संघानंच ठेवून घेतलंय, काका. सराव-कॅचर म्हणून. पिचर लोकांचे चेंडू झेलायचे.”

“अरे वा! म्हणजे एवढाले मोठे पिचर, आणि त्यांचे चेंडू तुझ्या हातात!”

“कसलं वा घेऊन बसलास?” वाकासुगी पलीकडून म्हणाले. दोन बाटल्या पोटात गेल्या होत्या आणि पाच वर्षांचा अपमान त्यांच्याखाली साचला होता. “लहानपणी शाळेच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचा. आता स्वतःच भिंत झालाय. भिंतीला पगार देतात होय रे कुणी?”

मंडळी हसली. पालखीच्या दिवशी मंडळी कशालाही हसतात. तोमोया हसला नाही. “बाबा, तुम्ही जन्मभर भिंतीच लिंपल्यात. त्यांच्यावरच आपलं घर चाललं.”

“म्हणूनच सांगतो ना! भिंतीची लायकी माझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही. ज्याच्या अंगात खेळ नसतो, तो भिंत होतो.”

तोमोयाने पेला खाली ठेवला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि तो घरी जाऊन सामान घेऊन गेला. तो रागावला असता, ओरडला असता तर बरे झाले असते, असे त्याची आई सुमिए पुढे अनेकदा म्हणे. वाकासुगींना हे पटत असे. पण पटले असे सांगायची त्यांना सवय नव्हती. फोन करावा तर त्याने करावा, तो लहान आहे, असे त्यांनी पहिले वर्ष मानले. दुसऱ्या वर्षी आपण केला तर इतका उशीर का, हे सांगावे लागेल, म्हणून केला नाही. अशा रीतीने वर्षे जातात.

पाचव्या वर्षी सुमिए गेली. तोमोया आला, काळ्या पोशाखात, ठरल्या वेळी. दहनानंतर अस्थी उचलताना रिवाजाप्रमाणे दोघांनी आपापल्या लांब काड्यांच्या चिमटीत एकच हाड धरून ते कलशापर्यंत नेले. हाड पडू नये म्हणून दोघांचे हात सारख्याच वेगाने हलले. त्या दिवशी बाप-लेकांनी मिळून केलेली ती एकच गोष्ट. संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला.

तिचे कपडे वाटून टाकताना वाकासुगींना तिच्या खणात सामन्यांची एकवीस अर्धी तिकिटे सापडली. गिफु, अकिता, मात्सुयामा. आणि बाकीची सगळी शिओमीच्याच जुन्या नगर-मैदानाची, डाव्या बाजूची. मैत्रिणीकडे जाते असे सांगून ती जात असे ती इथे. तिकिटांबरोबर निळ्या कापडाची, बसायची एक पातळ उशी होती. जिला बेसबॉलचे साधे नियमही कळत नव्हते, जी मुलाच्या शाळेच्या सामन्यांतही पाठ फिरवून डबे भरत बसे, तिने ही मैदाने एकटीने शोधून काढली होती. पुढच्या वसंतात ते ती उशी घेऊन तिच्या जागी जाऊन बसले.

तिची जागा विचारपूर्वक निवडलेली होती. जाळीपासून बरीच वर, बुलपेनमधल्या कॅचराच्या पाठीमागे. तिथून तोमोया दिसे, तोमोयाला मात्र ती दिसत नसे. वाकासुगींनाही हेच हवे होते. त्यांना मुलाची पाठ दिसे, तिच्यावरचा एकशे सतरा दिसे, आणि मुख्य म्हणजे आवाज ऐकू येई.

या आवाजाविषयी सांगणे भाग आहे. सराव-कॅचराचे खरे कसब चेंडू धरण्यात नसून चेंडू हातमोज्याच्या नेमक्या खळग्यात घेऊन चामड्यातून फटाक्यासारखा आवाज काढण्यात असते. तो आवाज ऐकून पिचरला वाटते, आज माझा हात चालतो आहे. आणि तसे वाटले की हात खरोखर चालतो. या कामात कॅचराची बोटे कायमची जातात. वाकासुगींना हे कुणी सांगितले नव्हते, त्यांनी ते कानांनी ओळखले. भिंतीवर बोटाचे पेर आपटून गिलावा कुठे पोकळ राहिला आहे हे सांगणारा त्यांचा कान साऱ्या शिओमीत प्रसिद्ध होता. पहिल्याच दिवशी त्यांनी डोळे मिटले आणि मनात म्हणाले, ‘हे काम पोकळ नाही.’ त्या दिवसापासून ते सामना पाहायचे थांबले.

मैदानावर त्यांच्या शेजारी बहुधा ओकुईबाई नावाच्या बाई बसत. लोणच्याचे दुकान मुलीकडे सोपवून त्या करकोच्यांच्या मागे गावोगाव हिंडत आणि त्यांच्या जिभेला दुकानातल्या मालाइतकीच धार होती.

“अहो काका, झोपाच काढायच्या तर घरी गादी नाही का? तिकडे आपला माणूस तिसऱ्या तळावर पोचला!”

“ऐकतोय मी.”

“काय ऐकताय? बेसबॉल काय रेडिओवर लागलाय?”

“आता चेंडू बाहेरून आत वळला. बघा. आवाज किंचित ओला आला.”

“ओला आला म्हणे! चेंडू आहे की मुळा?” असे म्हणून त्या तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात त्यांच्या हातावर ठेवत. तो झेलणारा आपला मुलगा आहे, हे त्यांनी ओकुईबाईंना तिसऱ्या वर्षी सांगितले. बारा वर्षांची कथा सांगितली नाही. “मग हाक मारा की एकदा!” बाई म्हणाल्या. “कामात आहे तो,” वाकासुगी म्हणाले.

गिफुच्या मैदानावर डोंगरावरचा किल्ला दिसतो. त्यांनी तो एकदाच पाहिला. अकिताला वर्षातून एकच सामना असे, त्यासाठी ते पाच तास गाडीत बसत. एकदा तो पावसात वाहून गेला, तरी ताडपत्रीवर पडणाऱ्या पावसाकडे पाहत ते शेवटपर्यंत बसून राहिले, कारण बुलपेनच्या छपराखाली दोन पिचर उगाच हात चालवत होते. मग एकेक मैदान गळू लागले. एका ठिकाणी छप्पर चढले, एका ठिकाणी बुलपेनच्या जागी महागड्या खुर्च्या आल्या. वेळापत्रकावरच्या लाल खुणा विरळ होत गेल्या.

साथीची वर्षे तेवढी त्यांच्या वाट्याला बरी आली. जगाला हे ऐकवणार नाही. गाणी बंद, तुताऱ्या बंद, ढोल बंद, तोंडावर फडके, दोन माणसांमध्ये तीन खुर्च्या रिकाम्या. ज्या देशात प्रत्येक फलंदाजाचे स्वतंत्र गाणे असते आणि ते पोरासोरांना पाठ असते, त्या देशातली मैदाने एकदम देवळासारखी शांत झाली. तोमोयाच्या मोज्याचा आवाज तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येई. लोक माना वळवून पाहत. एकदा पुढच्या रांगेतला कुणी अनोळखी माणूस म्हणाला, “काय झेलतो हो तो!” वाकासुगींनी फडक्याआड ओठ घट्ट मिटून धरले.

त्यानंतरच्या वसंतात तुताऱ्या परत आल्या, आणि नगरपालिकेने जाहीर केले की शिओमीचे जुने मैदान त्या शरदात पाडण्यात येईल. संघ खाडीपलीकडच्या नव्या मैदानात जाईल. नव्या मैदानाचा नकाशा वर्तमानपत्रात आला होता. वाकासुगींनी भिंग लावून पाहिले. बुलपेन : तळमजला, आतील बाजू. याचा अर्थ सरळ होता. यापुढे मुलगा दिसणार नव्हता आणि ऐकूही येणार नव्हता. जे काही बोलायचे होते ते या हंगामात बोलायला हवे होते. वाक्य त्यांच्याजवळ तयार होते, फार लहान होते, आणि सुमिएच्या तसबिरीसमोर त्यांनी ते पुष्कळदा म्हणून पाहिले होते.

शेवटचा सामना ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी झाला. सामना संपल्यावर प्रेक्षकांना मैदानात उतरू देणार, असे आधीच जाहीर झाले होते. नवव्या डावाच्या आधी बुलपेनमध्ये शेवटचा पिचर उभा राहिला, एकशे सतरा त्याच्यासमोर उकिडवा बसला, आणि आवाज आला. वाकासुगींनी डोळे मिटले.

“हा काय, ऐकलंत?” ते म्हणाले. “या देशात असा आवाज दुसऱ्या कुणाच्या हाताचा नाही.”

“ऐकलं हो, ऐकलं. आज तरी जाऊन सांगा त्याला. नाहीतर मीच जाऊन सांगेन, की हा म्हातारा माझं अर्धं दुपारचं जेवण खातो.”

करकोचे जिंकले की हरले, हे वाकासुगींना पुढे आठवेना. दारे उघडली आणि माणसांचा लोंढा गवतावर पसरला. जो तो फोटो काढत होता. पाडून टाकण्याचा निर्णय कुणी घेतला हे विसरून माणसे मैदानाला मिठ्या मारत होती. वाकासुगी रेषेच्या कडेने चालत बुलपेनपाशी आले. एकशे सतरा त्यांच्याकडे पाठ करून, टोपी उलटी घालून, चेंडू बादलीत भरत होता. जाळी आणि तीन हात अंतर. इतक्या जवळून ती पाठ त्यांनी कधीच पाहिली नव्हती. ती पूर्वीपेक्षा सडसडीत वाटली. काम करून झिजला असेल, असे त्यांना वाटले.

त्यांनी टोपी काढली. कंबरेतून खाली, जितके वाकता येईल तितके वाकले, आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, “तोमोया. माझं चुकलं. भिंत म्हणालो ते चुकलं. तुझं काम मी सात वर्षं ऐकलंय. फार चांगलं करतोस.”

चेंडू बादलीत पडायचे थांबले. वाकासुगींनी मान वर केली. समोर चोवीस-पंचवीस वर्षांचा, गालावर मुरूम असलेला एक अनोळखी तरुण उभा होता.

“काका, मी… मी नागामिने. तोमोयादादा नाही.”

“नंबर,” वाकासुगी म्हणाले. त्यांनी जाळीतून त्याच्या पाठीच्या दिशेने बोट केले.

“आमच्यात ज्याची जागा त्याचा नंबर. दादा मागच्या शरदातच गेले. डाव्या हाताच्या बोटात रक्तच फिरेना. डॉक्टर म्हणाले, आणखी एक हंगाम झेललात तर बोट काढावं लागेल.”

“म्हणजे एप्रिलपासून…”

“मीच होतो.”

“गिफुला? सातव्या डावात, ऊन पडलं होतं तेव्हा?”

“हो. मीच.”

वाकासुगी जाळीला धरून उभे राहिले. या हंगामातल्या लाल खुणा त्यांनी मनात मोजल्या : एकोणीस. एकोणीस दुपारी ते डोळे मिटून परक्याच्या मुलाला ऐकत होते आणि अभिमानाने फुगत होते. पोकळ जागा बोटाने ओळखणारा कान!

नागामिने त्यांच्याकडे निरखून पाहत होता. “काका, तुम्ही म्हणजे… ते वर उशी घेऊन डोळे मिटून बसणारे?”

“तुला कसं ठाऊक?”

“आमची पाठ असते तुमच्याकडे. पिचरांचं तोंड असतं. त्यांना सगळं दिसतं. ते दादांना पहिल्यापासून सांगायचे, तुझ्यामागे एक म्हातारा बसतो, झोपतो की ध्यान लावतो कळत नाही. दादा कधी मागे वळले नाहीत.” तो अडखळला. “सगळं शिकवलं त्यांनी मला. मोजा कसा धरायचा, आवाज कसा काढायचा. जाताना एवढंच म्हणाले, मागे बघू नकोस, आणि आवाज पडू देऊ नकोस.”

यात दया होती की शिक्षा, हे वाकासुगींना तेव्हा कळले नाही. पुढे पुष्कळ विचार करूनही कळले नाही, आणि ज्यांना असल्या गोष्टी लगेच कळतात अशा माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता.

“आत्ता म्हणालात ते मी त्यांना कळवू का?” नागामिनेने विचारले.

“नको. निरोपानं पाठवायची गोष्ट नाही ती.” मग त्यांनी पुन्हा टोपी काढली. “तूही चांगलं झेलतोस. बोटं सांभाळ.”

पत्ता सांगायला संघाची मनाई होती. तरी त्या पोराने चेंडूच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर गावाचे नाव लिहून जाळीतून सरकवले. वर उत्तरेला, हाचिनोहेच्या पुढचे एक बंदर. तिथे बेसबॉलचे धड मैदान नाही.

वाकासुगी नोव्हेंबरात गेले. गाडीत आठ तास ते एकच वाक्य मनात घोळवत होते. तोमोया तिथल्या शाळांना दुपारचे जेवण पोचवणारी गाडी चालवत होता. स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात, रबरी बूट घालून, तो रिकामी पिंपे धूत होता. पस्तिशीतच त्याच्या कानांवरचे केस पिकले होते. डाव्या हाताची तर्जनी सरळ होत नव्हती.

“बाबा?” पाण्याची नळी तशीच वाहत राहिली. “तुम्ही इथं कसे?”

“गाडीनं आलो.”

“इथं तर मैदान नाही.”

“हो. बघितलं.”

तोमोयाने नळ बंद केला. आता अंगणात काही आवाज नव्हता, बोलायला जागा होती, आणि वाकासुगींनी तोंड उघडलेही. पण ते वाक्य एकदा बोलून झाले होते. बारा वर्षे साठवलेला सगळा जोर त्यांनी त्या रविवारी एका परक्या पाठीवर ओतला होता, आणि आता तेच शब्द जिभेवर आले ते कोरडे, पाठ केलेले, सुमिएच्या तसबिरीपुढे म्हणून गुळगुळीत झालेले. खोटे वाटतील, असे त्यांना भय वाटले.

“बोट कसंय?”

“थंडीत दुखतं.”

“जेवलास?”

“हो. इथंच जेवतो. तुम्ही?”

“डबा घेतला होता गाडीत.”

तोमोयाने घड्याळ पाहिले. “परतीची गाडी कितीची?”

“तीन चाळीसची.”

“मग आत्ताचीच बस धरायला हवी. पुढची थेट साडेचारला आहे.”

तो थांब्यापर्यंत बरोबर आला. रस्त्याला चढ होता. एका जागी वाकासुगींना दम लागला, तेव्हा तोमोया थांबला आणि समुद्राकडे पाहत राहिला. ते चालू लागले तेव्हा चालू लागला. खालून वर येणारी बस दिसली तसे तो म्हणाला, “बाबा, काही सांगायचं होतं का?”

“नाही रे. सहज आलो होतो.”

“बरं.”

दार उघडले. वाकासुगी पायऱ्या चढले आणि नेमके समुद्राच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले, जिथून थांबा दिसत नव्हता. उठून दुसऱ्या बाजूला जायला हवे, हे त्यांना कळत होते. बस सुटली. पहिल्या वळणापर्यंत ते पुढच्या खुर्चीचा दांडा धरून, उठण्याच्या बेताने, तसेच बसून राहिले.